व्हॉल्व्ह अँप्लिफायरचं हमिंग: आधी कान, मग सोल्डर

मिरजेचे एक पेटीवाले काका माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या अँपसमोर बसले होते. गाणं लावलेलं नव्हतं, नुसता अँप चालू. म्हणाले, "हा खर्जातली पांढरी पाच धरून बसलाय रे. जरा चढी आहे, पण पाचच." पेटीवर लावून बघितलं तर खरंच. ती पांढरी पाच ९८ हर्ट्झची आणि अँपचं घूं १०० हर्ट्झचं. आपली लाइट ५० हर्ट्झची. मग आवाज दुप्पट कुठून आला? रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) लाटेच्या दोन्ही बाजू सरळ करतो म्हणून. म्हणजे दोष रेक्टिफायरच्या पुढे, बहुधा तो डीसी सपाट करणाऱ्या फिल्टरच्या कंडेन्सरात. झाकण न उघडता एवढं कळलं.

सांगलीत बसून हौसेपोटी हे काम करतो त्याला बरीच वर्षं झाली. गणपती मंडळाच्या कोठीतून निघालेले कर्ण्याचे अँप, टुरिंग टॉकीजचे, कुणाच्या आजोबांचा रेडिओग्राम, मलार्ड ५-१० च्या नकाशावरून कुणीतरी घरी बांधलेले सेट. तक्रार बहुतेक वेळा एकच, "घूं येतंय". आणि बहुतेक जण आधी नवे व्हॉल्व्ह (अँपमधल्या त्या काचेच्या नळ्या) विकत आणतात, मग विचारायला येतात. हा क्रम उलटा करायचा आहे, म्हणून हे लिहितोय.

लक्षणं

अँप लावा, इनपुटला काहीही न जोडता, आणि कागद-पेन घेऊन बसा.

आवाज गुळगुळीत, पोटात जाणवणारा, खूप खाली असेल तर तो ५० हर्ट्झचा. हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार), अर्थिंग, इनपुटची वायर किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र, यांपैकी काहीतरी. त्याच्याच एक सप्तक वर, थोडा खरखरीत, भुंग्यासारखा असेल तर १०० हर्ट्झचा, म्हणजे बहुधा एचटीचा (व्हॉल्व्हना लागणाऱ्या चढ्या डीसीचा) फिल्टर. पेटी किंवा फोनमधलं ट्यूनर अ‍ॅप असेल तर अंदाज लावत बसूच नका, मिळवून बघा. एक अपवाद मात्र आहे. छोट्या रेकॉर्ड प्लेयरमधल्या एका व्हॉल्व्हच्या अँपमध्ये कधी कधी रेक्टिफायर अर्धीच लाट वापरतो. तिथे फिल्टरचं हमिंगही ५० चंच येतं आणि कान फसतो.

व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी आवाज तेवढाच? दोष व्हॉल्यूमच्या पुढे, आउटपुट किंवा सप्लायमध्ये. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होतो? मग तो मागे आहे, प्रीअँप (बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग) किंवा इनपुटला. या एका प्रश्नाने अर्धा अँप तपासायचा वाचतो.

स्विच टाकल्या टाकल्या, व्हॉल्व्ह थंड असतानाच स्पीकरमधून आवाज येत असेल तर दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांशी बोलतायत, कारण थंड व्हॉल्व्हमधून काहीच जात नाही. स्पीकर शांत आणि अँपचं अंगच गुरगुरतंय, तर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या सैल झाल्यात, बोल्ट आवळून बघा. पंधरा-वीस मिनिटांनी वाढत जाणारं हमिंग व्हॉल्व्हकडे बोट दाखवतं.

आणि आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल दिसली तर यापुढचं काही वाचू नका, आधी स्विच बंद करा. हीटर लाल दिसायचाच, तो मधे बारीक नारिंगी असतो. बाहेरचा राखाडी पत्रा लाल होणं वेगळं.

फुकटात होणाऱ्या गोष्टी

अँप उचला आणि दुसऱ्या खोलीत न्या. हसू नका. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दोन महिने हमिंगशी झटापट केली, आणि अँपच्या मागे भिंतीला पंख्याचा डिमर रेग्युलेटर होता. जुन्या ट्यूबलाइटचा चोक, स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, सगळे तपासा. घरात चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर असेल आणि लाइट गेल्यावरच आवाज भुंग्यासारखा होत असेल, तर अँपमध्ये दोष नाही. उलट अशा इन्व्हर्टरवर जुना ट्रान्सफॉर्मर चालवूच नका, तो नुसताच तापतो.

मग इनपुट शॉर्ट करा. जुन्या आरसीए पिनमध्ये मधला खांब आणि बाहेरची कडी जोडून टाकली की शॉर्टिंग प्लग तयार. तो लावल्यावर हमिंग गेलं तर अँप निर्दोष, वायर किंवा रेकॉर्ड प्लेयर दोषी. रेकॉर्ड प्लेयरची ती वेगळी बारीक अर्थची वायर जोडली आहे ना, हे बघा. फोनो, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरच्या इनपुटला हमिंग जास्त का, हा प्रश्न नेहमी येतो. रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबलेले असतात, ते परत उचलायला आरआयएए सर्किट ५० हर्ट्झला १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबल वर नेतं, म्हणजे जवळजवळ सातपट. वायरीत शिरलेलं हमिंगही त्याच्यासोबत सातपट होतं.

आता अर्थिंग. गावभागातल्या जुन्या वाड्यांत तीन पिनचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. ज्यांच्याकडे कोळसा-मिठाचा खड्डा आहे, त्यांचा उन्हाळ्यात कोरडा पडतो. मीटरने फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ मोजा, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. अर्थचा आकडा ढिला असेल तर वायरमन बोलवा. हे काम अँपपेक्षाही आधी करून घ्यायचं.

अँप आणि त्याला जोडलेला दुसरा डबा, दोघेही अर्थ असले की कधी कधी वायरच्या शील्डमधून लूप तयार होतो आणि ५० चं घूं येतं. त्यावर अँपची अर्थ पिन कापायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. हमिंग जाईलही. पण ज्या दिवशी ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन सुटेल, त्या दिवशी चॅसिसवर (अँपच्या पत्र्याच्या सांगाड्यावर) २३० व्होल्ट असतील आणि फ्यूज उडणार नाही. दोन्ही एकाच बोर्डवर लावा, वायर आखूड करा, पिन कापू नका.

जुना अँप दोन पिनचा असेल तर पिन उलटी घालून बघा. हमिंग बदललं तर लाइन आणि चॅसिस यांच्यामध्ये जोडलेला एक छोटा कंडेन्सर गळतोय असं समजा. रेडिओचा खरखराट कमी करायला तो पूर्वी घालायचे. तो काढून टाका आणि तीन पिनची वायर घाला. टेस्टर चॅसिसला लावल्यावर लागत असेल तर हाताने शिवू नका.

व्हॉल्व्ह: विकत घेण्याआधी बदलून बघा

इथे एक अट. व्हॉल्व्हवरचं पहिलं अक्षर वाचा. ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, सगळे समांतर जोडलेले; या सेटवर पुढचं सगळं करता येतं. यू म्हणजे १०० मिलिअँपिअरचे हीटर, ओळीने लाइटीवरच जोडलेले. यूएल८४, यूवाय८५ अशी नावं दिसली तर त्या सेटला मेन्स ट्रान्सफॉर्मर बहुधा नसतोच, आणि चॅसिस थेट लाइटीवर असू शकतं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला लाइटीपासून वेगळा ठेवणारा) आणि अनुभव नसेल तर तो सेट जाणकाराकडेच न्या.

ई मालिकेचा असेल तर अँप बंद करा, व्हॉल्व्ह गार होऊ द्या, सर्वांत पहिला, म्हणजे इनपुटचा व्हॉल्व्ह काढा आणि परत चालू करा. हमिंग गेलं तर दोष त्यात किंवा त्याच्या मागे. नाही गेलं तर पुढचा. हे फक्त छोट्या व्हॉल्व्हचं, आउटपुटचे जागेवरच राहू द्या. आणि स्पीकर जोडल्याशिवाय अँप कधीही चालवू नका. लोड नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर इतके व्होल्ट उसळतात की आतलं इन्सुलेशन फुटतं, आणि तो भाग बाजारात सहजासहजी तयार मिळत नाही.

व्हॉल्व्ह काढलाच आहे तर पिना आणि सॉकेट कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. एवढ्यानेच सुटलेले अँप मी बरेच पाहिलेत. पाटण, कोयनेकडच्या दमट हवेतून आलेल्या सेटच्या पिना हिरव्या झालेल्या असतात. नंतर स्टीरिओ असेल तर डावा-उजवा ईसीसी८३ (प्रीअँपचा छोटा व्हॉल्व्ह) अदलाबदल करा. हमिंग व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बाजूला गेलं तर त्याच्या हीटर आणि कॅथोडमधलं (हीटरभोवतीच्या नळीमधलं) इन्सुलेशन गळतंय. गरम झाल्यावर वाढणारं हमिंग बहुधा हेच. त्याला औषध नाही, तो एक व्हॉल्व्ह बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करा. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने न वापरलेले व्हॉल्व्ह अजूनही अधूनमधून सापडतात, आणि परदेशी नावाच्या हव्यासापायी त्यांना नाकं मुरडू नका.

झाकण उघडण्याआधी

आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतात. लाइटीचा झटका माणसाला धरून ठेवू शकतो, आणि हा डीसीही तितकाच जीवघेणा. पिन काढल्यावरही कंडेन्सर भरलेले राहतात. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर, त्याला दोन इन्सुलेटेड वायरी आणि मगरी क्लिप, एवढं आधी बनवा. तो कंडेन्सरच्या टोकांवर दहा सेकंद धरा, मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करा, आणि क्लिप काम संपेपर्यंत लावूनच ठेवा, कारण रिकामा झालेला कंडेन्सर थोड्या वेळाने आपोआप काही व्होल्ट परत दाखवतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणं हा चेष्टेचा प्रकार आहे. चालू अँपवर मोजताना एक हात खिशात. घरात दुसरं कुणीतरी असू द्या, आणि मेन स्विच कुठला हे त्यांना दाखवून ठेवा.

पन्नास वर्षं कपाटात पडलेला अँप थेट भिंतीत घालू नका. सिरीज बोर्ड वापरा, अँपच्या लाइटीच्या वाटेत ६० किंवा १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब लावून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचला. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

आतली मोजमापं

पहिलं हीटरचं. अँप बंद, पिन काढलेली. हीटरच्या पिनपासून चॅसिसपर्यंत ओहम मोजा. वाइंडिंगला मधली टॅप असेल तर जवळजवळ शून्य यावं. टॅपऐवजी १०० ओहमचे दोन रेझिस्टर असतील तर ५० च्या आसपास यायला हवेत. १०० आले तर दोनांतला एक उघडा झालाय, काहीच आलं नाही तर हीटर अधांतरी आहे, आणि ५० हर्ट्झचं हमिंग तिथूनच येतंय. दोन रेझिस्टर, पाच-दहा रुपयांचं काम.

दुसरं आउटपुटच्या जोडीचं. पुश-पुल अँपमध्ये दोन व्हॉल्व्ह आउटपुट ट्रान्सफॉर्मरला विरुद्ध बाजूंनी ओढतात. एचटीवरचं उरलंसुरलं हमिंग दोघांतून सारखंच येतं, म्हणून ट्रान्सफॉर्मरमध्ये ते एकमेकांना खाऊन टाकतं. पण एक व्हॉल्व्ह थकला की हा तोल जातो आणि फिल्टर धडधाकट असूनही १०० हर्ट्झचं हमिंग ऐकू येतं. कंडेन्सर बदलले तरी आवाज जात नाही, म्हणून वैतागलेले लोक बहुधा इथे अडकलेले असतात. दोन्ही व्हॉल्व्हना वेगवेगळे कॅथोड रेझिस्टर असतील तर त्यांवरचे व्होल्ट मोजा. माझ्या ईएल८४ आउटपुट व्हॉल्व्हच्या अँपमध्ये २७० ओहमवर साडेदहा व्होल्ट येतात, म्हणजे ३९ मिलिअँपिअर. दुसऱ्या बाजूला आठ आले, तर व्हॉल्व्हची जोडी बदलायची वेळ झाली.

मात्र त्याआधी त्याच व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (सिग्नल आत येतो त्या पिनवर) डीसी मोजा. तिथे शून्य हवं. एक-दोन व्होल्ट अधिक दिसले तर आधीचा कपलिंग कंडेन्सर (मागच्या व्हॉल्व्हचा डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे देणारा) गळतोय. जुने मेणकागदाचे असतील तर तपासत बसू नका, सरसकट ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीनचे घाला. हाच गळका कंडेन्सर प्लेट लाल करतो, आणि नवा व्हॉल्व्ह घातला तर तोही महिन्याभरात मारतो.

फिल्टरचे कंडेन्सर

आता मुख्य आरोपी. इलेक्ट्रोलाइटिक कंडेन्सरातलं द्रावण सुकतं आणि क्षमता घटते. वर फुगला नाही, चिकट काही बाहेर आलं नाही, म्हणून तो चांगला ठरत नाही.

फिल्टर किती काम करतो याचा अंदाज असावा. १०० मिलिअँपिअर ओढणाऱ्या अँपमध्ये पहिल्या ३२ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर लाटेचा चढउतार २० ते ३० व्होल्टचा असतो. पुढे १० हेन्रीचा चोक (लोखंडावरचं तारेचं वेटोळं) आणि आणखी ३२ मायक्रोफॅरड आला की तो सुमारे सव्वाशे पटींनी कमी होतो, म्हणजे पाव व्होल्टाच्या आत. दुसरा कंडेन्सर सुकून ४ मायक्रोफॅरडवर आला की तोच चढउतार आठपट. मीटर एसीवर ठेवून चोकच्या अलीकडे आणि पलीकडे मोजा, ६०० व्होल्टच्या वरचाच मीटर वापरा. पलीकडे दोन-तीन व्होल्ट एसी दिसले की निकाल लागला.

चालू अँपमध्ये संशयिताला समांतर एक चांगला कंडेन्सर नुसता टेकवून बघण्याची जुन्या मिस्त्र्यांची रीत आहे. ते करू नका. रिकामा कंडेन्सर ४०० व्होल्टला टेकला की रेक्टिफायरवर धाड पडते आणि तुमची बोटं त्याच्याजवळच असतात. बंद करा, रिकामा करा, जोडा, मग चालू करा.

बदलताना माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी मला वाटलं, जास्त मायक्रोफॅरड म्हणजे जास्त शांतता. ईझेड८१ रेक्टिफायरच्या पुढे ठोकला २२० मायक्रोफॅरडचा. तिसऱ्या दिवशी आत निळी वीज चमकली आणि व्हॉल्व्ह गेला. ईझेड८१ ला पहिला कंडेन्सर जास्तीत जास्त ५० चालतो, जीझेड३४ ला ६०. वाढवायचंच असेल तर चोकच्या पलीकडचा वाढवा. व्होल्टेजही बघून घ्या. व्हॉल्व्ह तापायच्या आत एचटी चढलेली असते, आणि आमच्याकडे रात्री उशिरा लाइट २५० च्या वर जाते. ३२० व्होल्टच्या एचटीला ३५० चा कंडेन्सर पुरत नाही, ४५० चा घ्या.

ॲल्युमिनियमच्या जुन्या डब्यात दोन-तीन कंडेन्सर एकत्र असतात, तळाला चौकोन, त्रिकोण अशा खुणा. डबा ठेवायचा असेल तर खालून कापून आतलं काढा आणि नवे छोटे आत बसवा. वरून अँप १९५० च्या दशकातला दिसतो. व्होल्टेज हळूहळू चढवून जुने कंडेन्सर परत तयार करणारे लोक आहेत. मी ते सोडून दिलं. शिवाय व्हॉल्व्ह रेक्टिफायर असेल तर व्हेरिॲकने (व्होल्ट कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू चढवण्यात फार अर्थ नाही. कमी व्होल्टला त्याचा हीटरच तापत नाही, मग एकदम सुरू होतो.

आधीच्या मिस्त्रीची वायरिंग

एवढं करूनही घूं उरलंच तर सगळ्यांत कंटाळवाणं काम शिल्लक राहतं. बारा वर्षांत पाच जणांनी हात घातलेल्या अँपमध्ये जिथे जागा मिळेल तिथे चॅसिसला सोल्डर केलेलं असतं. पहिल्या फिल्टर कंडेन्सरचा अर्थ इनपुटच्या सॉकेटजवळ जोडलेला पाहिलाय मी. त्या वायरीतून १०० हर्ट्झचे झटके जातात आणि इनपुट त्यांनाच गाणं समजतो. पहिला कंडेन्सर आणि ट्रान्सफॉर्मरची मधली टॅप आधी एकमेकांना जोडा, तिथून पुढे मोठ्या प्रवाहापासून लहानाकडे जा, आणि चॅसिसला एकाच ठिकाणी, इनपुटजवळ. हीटरच्या दोन वायरी घट्ट पिळून कोपऱ्यातून न्या, ग्रिडच्या वायरीला कुठे छेदल्याच तर काटकोनात. याला दोन रविवार लागतात. सुरू करण्याआधी फोटो काढा.

इथे थांबा

फ्यूज दोनदा उडाला, तिसरा मोठा घालू नका. ट्रान्सफॉर्मर रिकाम्या लोडवरही हात ठेववत नाही इतका तापतोय किंवा वार्निशचा वास येतोय, प्लेट कंडेन्सर बदलूनही लाल होतेय, सेट यू मालिकेचा आहे, चॅसिसवर टेस्टर लागतोय आणि कारण सापडत नाही: या सगळ्या ठिकाणी जुन्या रेडिओ मिस्त्रीला किंवा वाइंडिंगवाल्याला गाठा.

पुराच्या पाण्यातून निघालेल्या अँपचंही तेच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, त्यानंतर माझ्याकडे गाळाने भरलेले तीन अँप आले. बाहेरून धुऊन, उन्हात वाळवून ते कोरडे दिसतात, पण ट्रान्सफॉर्मरच्या थरांतलं पाणी आणि गाळ तिथेच असतो. असा ट्रान्सफॉर्मर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासल्याशिवाय लाइट दाखवू नये, आणि मेगर आपल्यापैकी फार थोड्यांकडे असतो. त्यातले दोन ट्रान्सफॉर्मर परत गुंडाळून घ्यावे लागले.

गुंडाळायला देताना जुना ट्रान्सफॉर्मर सोबत द्या, प्रत्येक वाइंडिंगचे व्होल्ट आणि अँपिअर कागदावर लिहून द्या, प्रायमरी २४० ची सांगा. प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याचा स्क्रीन मागा, लाइटीतला खरखराट पुढे जात नाही. आणि त्या पत्र्याची दोन टोकं एकमेकांना टेकता कामा नयेत, मधे कागद हवा, हे तोंडाने दोनदा सांगा. माझ्या एका ट्रान्सफॉर्मरमध्ये कारागिराने ती चांगली जोडून, वर सोल्डर करून दिली होती. तो पत्रा म्हणजे शॉर्ट झालेला एक वेढाच झाला. सिरीज बोर्डचा बल्ब लख्ख पेटला आणि विझेचना.